समन्स आणि हुकुमनामा यांच्या मधला काळ

विवाहविच्छेदाच्या अर्जाचें समन्स घेऊन दिवाणी न्यायालयाचा बेलीफ एखाद्या घराच्या दारांत उभा राहतो, तेव्हां त्या घरांतलीं माणसें बहुधा एकच वाक्य बोलतात: ‘संपलें सगळें!’ कायद्याच्या दृष्टीनें हें वाक्य साफ चुकीचें आहे. त्या कागदानें कांहींच संपत नाहीं. उलट एक निराळाच काळ सुरू होतो, आणि तो किती लांबेल हें बेलीफ, वकील अगर खुद्द न्यायाधीश यांपैकीं कोणासही सांगतां येत नाहीं. समन्स हातीं पडल्यापासून हुकुमनामा होईपर्यंत नवरा हा नवराच असतो व बायको ही बायकोच असते. या अवधींत दोघांपैकीं कोणीं दुसरें लग्न केलें तर तो गुन्हा होतो. मृत्युपत्र न करितां एक जण वारला तर मागें राहिलेलें माणूस विधवा अगर विधुर म्हणूनच वारसा घेतें. एकाजवळ निर्वाहापुरतें उत्पन्न नसेल तर दुसऱ्यानें त्यास दाव्याच्या मुदतींत पोटगी द्यावी, एवढेंच नव्हे तर दावा लढविण्याचा खर्चही द्यावा, असें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें २४ वें कलम सांगतें. ज्याच्याशीं भांडावयाचें त्याला भांडण्यासाठीं पैसे आपणच पुरवावयाचे, ही व्यवस्था ऐकून पुष्कळांस हंसूं येतें. आम्हांस मात्र तींत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. नातें मोडावें अशी मागणी झाली म्हणजे नातें मोडलें असें नव्हे, हा विचार कायद्यानें येथें शेवटपर्यंत नेला आहे. मग प्रश्न असा उरतो कीं, या मधल्या काळांत तीं दोघें एकमेकांचें काय देणें लागतात? पैशाचें देणें न्यायालय ठरवील. पण दुसरेंही कांहीं देणें आहे कीं नाहीं, याचा विचार कोणत्याही कलमांत सांपडत नाहीं, आणि तोच आम्हांस येथें करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. वकिलानें टपालानें पाठविलेली नोटीस म्हणजे न्यायालयाचें समन्स नव्हे. नोटिशींत अशिलाचें म्हणणें असतें. तिचें उत्तर दिलें नाहीं म्हणून संसार मोडत नाहीं. समन्स हें न्यायालयाचें बोलावणें असतें, त्यासोबत अर्जाची नक्कल असते, आणि त्याकडे पाठ फिरविली तर खटला आपल्यावांचून पुढें जातो. हा भेद शिकलेल्या घरांतही पुष्कळदां ठाऊक नसतो. नोटीस आली म्हणजे घाबरून चार ठिकाणीं धांवपळ होते, आणि खरें समन्स आलें म्हणजे रागाच्या भरांत ‘घेणार नाहीं’ म्हणून परत लावलें जातें. घेण्यास नकार दिला तरी बेलीफ त्याची नक्कल दारावर चिकटवून तसा लेखी अहवाल करतो, आणि नियमाप्रमाणें तेवढ्यानें समन्स बजावलें गेलें असें धरतां येतें.

‘घटस्फोट’ हा आज सर्वांच्या तोंडीं बसलेला शब्द मुळांत लग्नासंबंधाचा नव्हे. धर्मशास्त्रांत पतित झालेल्या माणसास जातिबहिष्कृत करण्याचा जो विधि सांगितला आहे, त्यांत त्याच्या नांवानें पाण्याचा घट लाथाडीत व त्या जिवंत माणसास मेलेला समजत. तो शब्द उचलून आपण विवाहविच्छेदास दिला, आणि त्याबरोबर त्यांतला जुना अर्थही नकळत घेतला कीं काय, अशी शंका आम्हांस अनेकदां येते. बहुजनसमाजाचे जुने शब्द पाहिले तर ते कितीतरी सौम्य आहेत. सोडचिठ्ठी म्हणजे सोडल्याची चिठ्ठी. काडीमोड म्हणजे पंचांसमक्ष काडी मोडून नातें तुटल्याचें दाखविणें. उच्चवर्णीयांत लग्न अभंग मानलें जाई तेव्हांही अनेक जातींत काडीमोड होत असे व बाईचा पाट लागत असे. १९५५ च्या कायद्यानेंही २९ व्या कलमांत रूढीनें चालत आलेला हा हक्क राखून ठेविला आहे. आमच्या नगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, पाथर्डी तालुक्यांत मढी येथें कानिफनाथांची मोठी यात्रा भरते. त्या यात्रेंत भटक्या जमातींच्या जातपंचायती बसत व वर्षभराचे नवराबायकोचे तंटे तेथें तोडले जात. या पंचायती गोड होत्या असें मात्र कोणी समजूं नये. त्यांचे दंड व बहिष्कार यांनीं माणसें किती चिरडलीं गेलीं हें पुढें सरकारास २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा करावा लागला यावरूनच कळतें. तरी एक गोष्ट त्या व्यवस्थेंत होती: काडी मोडेपर्यंत जेवढे दिवस जात ते यात्रेचे दिवस असत, वर्षें नसत.

इलाख्याच्या विधिमंडळानें मुंबईचा हिंदु घटस्फोट कायदा १९४७ सालीं केला. त्याच्या पुष्कळ आधीं, १९३१ सालीं, बडोदें संस्थानानें तसा कायदा केला होता. पुढें १९५५ चा मध्यवर्ती कायदा आला आणि नगरच्या शेतकऱ्यास व पुण्याच्या प्रोफेसरास एकच दार उघडें झालें. पण दार एक असलें तरी तेथपर्यंतचा रस्ता सारखा नसतो, हें समजण्यास समन्स कसें बजावलें जातें तेवढें पाहणें पुरे आहे.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत. उत्तरेस कोपरगांव, राहाता, श्रीरामपूर या बाजूस कालव्याचें पाणी, ऊंस व साखर कारखाने आहेत. पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, शेवगांव, जामखेड या बाजूस कोरडी जमीन व ऊंसतोडीला जाणारीं माणसें आहेत. दिवाळी आटोपली कीं हीं कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन निघतात तीं उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत परत येत नाहींत. गांवांत म्हातारीं माणसें उरतात, पुष्कळ घरांना कुलूप असतें. अशा घरीं बेलीफ गेला, माणूस सांपडलें नाहीं, लवकर सांपडेल असेंही दिसलें नाहीं, तर तो दाराच्या ठळक भागावर समन्स चिकटवूं शकतो. दिवाणी प्रक्रियेच्या नियमाप्रमाणें समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत कैफियत दाखल करावयाची असते. न्यायालयानें कारण नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवावी, असा नियम आहे. दारावरचा कागद वाऱ्यापावसानें फाटून जातो, तीस दिवस जातात, नव्वदही जातात. आणि जिचें नांव त्या कागदावर आहे ती बाई कोल्हापूरकडच्या एखाद्या फडावर मोळ्या बांधीत असते.

येथें वाचकांस एक तपशील सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. ऊंसतोडीच्या हिशेबांत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल दोघांच्या कोयत्यावर मिळते व फिटतेही दोघांच्या श्रमानें. ज्या समाजांत जोडपें हेंच मजुरीचें माप आहे तेथें विभक्त होणें म्हणजे काय, हें शहरांतल्या माणसास सहज कळणार नाहीं. नवऱ्यापासून निराळी झालेली बाई मुकादमाच्या हिशेबांत ‘अर्धा कोयता’ होते.

समन्सासंबंधानें आणखी एक नियम पाहा. प्रतिवादी घरीं नसेल तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबांतील प्रौढ माणसाजवळ समन्स देतां येतें. १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत या नियमांत ‘प्रौढ पुरुष’ असे शब्द होते. घरांतल्या बाईनें कागद घेतला तर तो बजावला गेला असें धरीत नसत, मात्र तिच्या स्वतःच्या नांवचा कागद घरांतल्या कोणत्याही पुरुषानें घेतला तरी चालत असे. आतां ‘पुरुष असो वा स्त्री’ असे शब्द आहेत. सुधारणा चांगलीच झाली. तरी सासरीं राहणाऱ्या सुनेविरुद्ध तिच्याच नवऱ्यानें अर्ज केला असतां तिचें समन्स तिच्या सासूनें घेतलें व ट्रंकेंत ठेवून दिलें, असा प्रकार अशक्य आहे काय? अर्जदारास हें ठाऊक असेल व तो गप्प बसला असेल, तर त्यानें कोणताही नियम मोडला नाहीं असें एखादा हुशार वकील सिद्ध करूं शकेल. आमचा पहिला मुद्दा याच ठिकाणीं सुरू होतो. ज्या माणसाबरोबर आपण राहिलों त्यास आपण काय मागत आहोंत हें खरोखर कळावें, एवढी काळजी घेणें हें अर्जदाराचें नैतिक देणें आहे. बेलिफाचा अहवाल आला म्हणून तें फिटत नाहीं. पत्नी ऊंसतोडीला गेली आहे हें नवऱ्याला माहीत असतें. तिचा मुकादम कोण, फड कोठें, हेंही बहुधा माहीत असतें. माहीत असून बंद घराचा पत्ता देणें हा असत्याचाच एक प्रकार होय, मग त्या पत्त्याखालीं सही कितीही स्वच्छ अक्षरांत असो.

कायद्यानें स्वतः या बाबतींत अगदींच हात झटकले आहेत असें नाहीं. सामनेवाला हजर नसला तरी अर्जदारानें आपलें म्हणणें शाबीत केलेंच पाहिजे. तो स्वतःच्या अपराधाचा फायदा तर घेत नाहीं ना, आणि दोघांची आंतून मिलाफी तर नाहीं ना, हें न्यायाधीशानें स्वतः पाहावें असें २३ वें कलम बजावतें. एकतर्फी हुकुमनामा झाला आणि समन्स नीट बजावलें नव्हतें असें दिसलें तर तो रद्दही करतां येतो, व त्यासाठीं तीस दिवसांची मुदत हुकुमनामा कळल्या दिवसापासून मोजतात. पण ज्यास कळलें त्यानें नगरला यावें, वकील गांठावा, शपथपत्र करावें. हें सर्व ज्याच्या जवळ उचलीशिवाय दुसरा पैसा नाहीं त्यानें करावें!

आतां समन्स नीट हातीं पडलें आहे असें समजूं. अर्जाची नक्कल वाचून ज्याच्या नांवें ती आहे त्यास पहिला धक्का बसतो तो मागणीचा नव्हे, वर्णनाचा. आपल्याच संसाराची ती हकीकत असते, पण ओळखूं येत नाहीं. क्रूरता, त्याग, व्यभिचार अशा कारणांवांचून एकतर्फी मागणी चालत नाहीं. म्हणून ज्या घरांत खरोखर दोन माणसांचें केवळ पटेनासें झालें, तेथेंही अर्जांत एक राक्षस व एक साध्वी, किंवा एक कैदाशीण व एक भोळा गृहस्थ, उभे करावे लागतात. मग कैफियत लिहावयाची. ती लिहितांना बदला घेण्याची जी इच्छा होते ती स्वाभाविक आहे. आणि अशा वेळीं ‘आणखी कांहीं आठवतें का पाहा’ असें म्हणणारे लोक भोंवतीं पुष्कळ जमतात.

या कैफियतीचा परिणाम काय होतो याचीं दोन उदाहरणें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहेत. १९९४ च्या एका खटल्यांत नवऱ्यानें पत्नीवर व्यभिचाराचा आरोप केला होता. पत्नीनें उत्तरादाखल, नवरा वेडसर आहे व त्याच्या घराण्यांतच वेड आहे, असें कैफियतींत लिहिलें व तसेच प्रश्न उलटतपासणींत विचारविले. न्यायालयानें असें ठरविलें कीं, हें लिहिणें व विचारणें हीच मानसिक क्रूरता झाली; आणि त्याच कारणावर विवाह मोडला. दुसरा खटला २००३ चा, आपल्याच महाराष्ट्रांतल्या एका घरचा. पत्नीनें अर्ज केला. नवऱ्यानें कैफियतींत तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले, आणि पुढें दुरुस्ती करून तो मजकूर काढूनही टाकला. न्यायालय म्हणालें, काढून टाकला तरी तो एकदां लिहिला गेला होता, त्याची जखम झाली होती. क्रूरता शाबीत आहे. समन्सापूर्वीं काय घडलें होतें याचा वाद चालूं असतां, समन्सानंतर लिहिलेले शब्दच विवाहविच्छेदाचें कारण ठरले. आम्ही वर म्हटलें कीं या काळांत नवरा नवराच असतो. त्याचा याहून स्पष्ट पुरावा कोठें मिळणार? परक्यानें केलेली बदनामी ही बदनामी; नवऱ्यानें कैफियतींत केलेली ती संसारांतली क्रूरता. कैफियत लिहिणारा हात न्यायालयांत असला तरी तो घरांतलाच हात असतो.

तेव्हां कैफियतीला मर्यादा कोणती? खोटें लिहूं नये हें तर उघडच आहे. त्याबद्दल वाद नाहीं, आणि शपथेवर खोटें सांगण्यास शिक्षाही आहे. अडचण खऱ्याची आहे. लग्नाच्या विश्वासावर जें एकमेकांस सांगितलें जातें, म्हणजे बापाचें दारूचें व्यसन, बहिणीचें कांहीं झांकून ठेवलेलें प्रकरण, स्वतःच्या मनांतली एखादी भीति, तें खरें असूनही न्यायालयांत मांडावें काय? जुन्या पुरावा कायद्यानें, म्हणजे १८७२ च्या, विवाहांत नवराबायकोमध्यें झालेलें बोलणें उघड करण्यास बंदी घातली होती. २०२३ च्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही ती ठेविली आहे. पण दोन्ही कायद्यांत एक अपवाद आहे: नवराबायकोमधलाच दावा असेल तर बंदी नाहीं. चोराच्या खटल्यांत, सावकाराच्या खटल्यांत, अगदीं खुनाच्या बहुतेक खटल्यांतही त्या बोलण्यावर कायद्याचें शील असतें, आणि जेथें तें बोलणें सर्वांत अधिक घाव करूं शकतें नेमकें तेथें कायदा शील फोडून देतो. २०२५ च्या जुलै महिन्यांत तर सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, पत्नीच्या नकळत केलेलें तिच्या फोनवरील संभाषणाचें ध्वनिमुद्रणही अशा दाव्यांत पुराव्यांत घेतां येईल. न्यायाधीशाच्या बाजूनें पाहिलें तर याला उत्तर नाहीं: बंद खोलींत काय घडलें हें त्या खोलींतल्या दोघांवांचून सांगणार कोण? म्हणून येथें कायदा जी जागा मोकळी सोडतो ती सद्सद्विवेकबुद्धीलाच भरावी लागते. दुसरा पहारेकरी तेथें नाहीं.

येथें आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मर्यादेचा, विश्वासाचा, घरची गोष्ट घरांत ठेवण्याचा उपदेश आजपर्यंत कोणास केला गेला? मार खाणाऱ्या बाईस. ‘चार भिंतींतलें बाहेर नेऊं नकोस’ या एका वाक्यानें जेवढ्या बायका गप्प बसल्या तेवढ्या कोणत्याही शास्त्रवचनानें बसल्या नसतील. मग आम्हीही तिला तेंच सांगावयाचें काय? मुळींच नाहीं. जिला मारलें तिनें मारल्याची तारीख, वार व ठिकाण सांगावें, सर्व सांगावें, आणि सांगतांना लाजूं नये. त्यांत कोणताही विश्वासघात नाहीं, कारण विश्वास मारणाऱ्यानें आधींच मोडलेला असतो. आमची मर्यादा किती सांगावें याची नाहीं, कशासाठीं सांगावें याची आहे. निर्णयाला जें लागतें तें कितीही कटु असलें तरी सांगावें. निर्णयाला जें लागत नाहीं व केवळ समोरच्याला लागेल म्हणून सांगावेंसें वाटतें, तें खरें असलें तरी गिळावें. सासऱ्याच्या व्यसनाचा पोटगीशीं संबंध नसेल तर तें कैफियतींत कशाला? नवऱ्यानें तापाच्या भरांत बोललेल्या गोष्टीचा मुलाच्या ताब्याशीं संबंध नसेल तर ती वकिलास सांगावी तरी कां? हें ओळखणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. पण ज्यानें दहा वर्षें एकाच ताटांत जेवण केलें त्यास ‘हें लागतें’ आणि ‘हें बोंचतें’ यांतला फरक कळत नाहीं असें आम्हांस खरें वाटत नाहीं.

काळाकडे वळूं. समन्स बजावल्यापासून सहा महिन्यांत खटला निकालांत काढण्याचा प्रयत्न व्हावा, असें २१ व्या कलमाला जोडलेल्या एका पोटकलमांत लिहिलें आहे. पोटगीचा अर्ज शक्य तों साठ दिवसांत निकालीं निघावा, असें २००१ च्या दुरुस्तीनें घातलें. प्रत्यक्ष काय होतें हें ज्याचें घर या फेऱ्यांत सांपडलें आहे त्यास सांगावयास नको. तारखेला जावयाचें, पुकारा होईपर्यंत बाकावर बसावयाचें, आणि पुढची तारीख घेऊन एस्. टी. गांठावयाची. या लांबणीचा भार दोघांवर सारखा पडत नाहीं. माहेरीं परत आलेली मुलगी पहिले चार महिने पाहुणी असते, पुढें भावजयीच्या नजरेंत ओझें होते. नवऱ्याची शेती बापाच्या नांवावर, ऊंसाचें बिल बापाच्या खात्यांत. तेव्हां ‘माझें उत्पन्न शून्य’ असें तो शपथेवर लिहितो आणि कागदोपत्रीं तें खरेंही असतें. नागपूरच्या एका प्रकरणांतून वर गेलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० च्या नोव्हेंबरांत दोघांनींही मालमत्तेचें सविस्तर शपथपत्र द्यावें असें सांगितलें, व पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असें ठरविलें. फार योग्य केलें. निदान उशिराचा पैसा उशीर करणाऱ्याच्या खिशांत राहूं नये.

पण काळ हा केवळ अन्यायच आहे काय? कायद्यानें जाणून बुजून दिलेलाही एक काळ असतो, आणि त्याचा इतिहास आमच्या जिल्ह्याशीं निगडित आहे. एकोणिसाव्या शतकांत या बाबतींत दोन अगदीं भिन्न वृत्ति दिसतात. रखमाबाईंचा खटला वाचकांस ठाऊक असेलच: लहानपणीं लावून दिलेल्या नवऱ्याकडे जावयास त्यांनीं नकार दिला, १८८४ सालीं नवऱ्यानें दावा केला, आणि १८८७ च्या मार्चांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें ‘नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा’ असा हुकूम दिला. पुढल्या वर्षीं पैसे देऊन तडजोड झाली म्हणून तुरुंग टळला. या न्यायांत माणसाच्या मनाला विचारण्याची जागाच नव्हती.

दुसरी वृत्ति १८६६ च्या एका कायद्यांत दिसते. हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री हेन्री मेन यांनीं तो पुढें आणिला. ख्रिस्ती झालेल्या माणसास त्याच्या नवऱ्यानें अगर बायकोनें धर्मांतरामुळें सहा महिने सतत टाकलें, तर त्यानें न्यायालयांत अर्ज करावा. दुसऱ्यास बोलावून विचारावें. तरीही नकार असेल तर विवाह लगेच मोडूं नये, खटला एक वर्ष तहकूब ठेवावा. एवढेंच असतें तर विशेष नव्हतें. पण त्या वर्षांत न्यायाधीश ठरवील त्या जागीं, त्यानें निवडलेल्या माणसासमक्ष, दोघांची भेट व्हावी, आणि नकार देणारें माणूस आपखुशीनें नकार देतें आहे कीं घरच्यांच्या दडपणाखालीं, हें पाहावें, अशी त्यांत तजवीज होती. वर्ष संपल्यावर पुन्हां विचारावयाचें. तेव्हांही नकार असेल तरच विवाह मोडावयाचा. मिशनऱ्यांच्या सोयीसाठीं केलेला हा कायदा म्हणून त्यावर त्या काळीं टीका झाली असल्यास नवल नाहीं. पण ‘तूं स्वतः काय म्हणतेस?’ हा प्रश्न बाईला कायद्यानें दोनदां विचारावा, आणि त्या दोन प्रश्नांमध्यें एक वर्ष जाऊं द्यावें, ही कल्पना आम्हांस रखमाबाईंच्या हुकुमनाम्याहून कितीतरी शहाणपणाची वाटते.

हा कायदा अस्तित्वांत असतांच, १८९५ सालीं, नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लहान मुलासह नातेवाइकांकडे पंढरपुरास राहिल्या, टिळक नगरास. कांहीं वर्षें असें चाललें. शेवटीं लक्ष्मीबाई नगरास आल्या, आणि आल्यावरही त्यांनीं सोंवळेंओंवळें एकदम टाकलें नाहीं. त्यांचें त्यांनीं, आपल्या गतीनें टाकलें. १९०० सालीं राहुरी येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’नीं ही सर्व हकीकत मराठी घराघरांत नेली. हा संसार पुन्हां उभा राहिला तो कोणत्याही हुकुमनाम्यानें नव्हे. कायद्यानें सांगितलेल्या एका वर्षाच्या हिशेबांत तो बसलाही नसता. वर्षअखेरीस विचारलें असतें तर लक्ष्मीबाईंनीं बहुधा नाहींच म्हटलें असतें. यावरून वर्षाची मुदत कमी पडते असा निष्कर्ष काढणें सोपें आहे, पण आम्ही तो काढीत नाहीं. टिळकांच्या घरीं वाट पाहणारा स्वतः वाट पाहण्यास राजी होता. जेथें एक जण वाट पाहतो आहे व दुसऱ्यास कोंडून ठेवलें आहे, तेथें तीच मुदत तुरुंग होते.

म्हणूनच मुदतीच्या प्रश्नावर एकच एक नियम करणें चुकीचें आहे, असें पुढें न्यायालयांसही वाटूं लागलें. १९७६ सालीं परस्परसंमतीचा विवाहविच्छेद कायद्यांत आला. त्यांत पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा विचारावयाचें असतें. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं या काळांत कोणाही एकास संमति परत घेतां येते. आणि २०१७ सालीं ठरविलें कीं समेटाची आशाच नसेल तर हे सहा महिने माफही करतां येतात. हे दोन निर्णय परस्परविरुद्ध वाटतात, तसे ते नाहींत. दोन्हींचा अर्थ एकच: मुदत माणसांच्या मनासाठीं आहे, तारखांच्या वहीसाठीं नाहीं.

समेटाचा प्रयत्न करणें हें न्यायाधीशाचें कर्तव्यच आहे. कौटुंबिक न्यायालयांत त्यासाठीं समुपदेशक असतात, आणि तेथें वकील देण्याचा पक्षकारास हक्क म्हणून नाहीं. ही योजना चांगली आहे. मात्र समेट म्हणजे ‘मुलाकडे पाहून नांदा’ असें सांगणें नव्हे. १८६६ च्या कायद्यानें बाईला घरच्यांपासून बाजूला घेऊन तिचें मन विचारण्याची तजवीज केली, ती पाळली गेली तर समेटास अर्थ आहे. समुपदेशकाच्या खोलींत मुलीच्या शेजारीं बाप, मागें मामा व दारांत दीर उभे असले, तर तेथें मढीचीच पंचायत भरली असें समजावें. फरक एवढाच कीं दंड नाहीं आणि काडीही नाहीं.

शेवटीं हुकुमनामा होतो. त्याची एक प्रत दोघांसही विनामूल्य द्यावी, असें २३ व्या कलमांतच लिहिलें आहे. पण तेवढ्यानें मधला काळ संपत नाहीं. अपिलाची मुदत नव्वद दिवस आहे. २००३ पूर्वीं ती तीस दिवसांचीच होती. ती संपेपर्यंत दुसरें लग्न करतां येत नाहीं. या नव्वद दिवसांत तीं दोघें कायद्यानें नवराबायको नसतात, आणि तरी पूर्ण मोकळींही नसतात. लग्नांत दोघांस मिळून मिळालेलीं भांडीं कोणाकडे, याचा हुकूम झालेला असतो, पण भांडीं अजून सासरच्या माळ्यावर असतात. मूल महिन्यांतून दोन रविवार बापाकडे जावयाचें ठरलेलें असतें. पहिल्या रविवारीं त्याला कोणीं, कोठून व किती वाजतां घ्यावयाचें, हें हुकुमनाम्यांत असलें तरी स्टँडवर उभें राहून तें मूल बापाच्या हातीं देतांना कोणी काय बोलावें, हें त्यांत लिहिलेलें नसतें.